अर्धाच उरलेला दुसरा सीझन

ब्रिटिश विनोदी मालिकांचं वेड असेल तर 'डॅड्स आर्मी' चुकवून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन कधीही उतरतील म्हणून उभी केलेली म्हाताऱ्या-कोताऱ्यांची होम गार्ड पलटण, आणि बँक मॅनेजर असलेला तिचा तोरेबाज कॅप्टन मेनवेअरिंग. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांची ही मालिका बीबीसीवर १९६८ ते १९७७ चालली, एकूण ८० भाग. पेरी स्वतः पोरवयात होम गार्डमध्ये होता, त्यामुळे गंमत आतून आलेली आहे.

पण दुसऱ्या सीझनचा स्वतंत्र सेट शोधायला गेलात तर फसाल. १९६९ साली दाखवलेल्या सहा भागांपैकी तीनच उरलेत, आणि ते पहिल्या सीझनच्या डीव्हीडीवर पाहुण्यासारखे येऊन बसलेत.

बाकीचे गेले कुठे? पुसले! तेव्हा कार्यक्रम दोन इंची व्हिडिओ टेपवर रेकॉर्ड व्हायचे. टेप महाग, म्हणून एकदा दाखवून झालं की त्याच टेपवर दुसरं काहीतरी. कलाकारांच्या युनियनशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. त्यात तिसऱ्या सीझनपासून मालिका रंगीत झाली, मग कृष्णधवल भाग पुन्हा कोण दाखवणार? घरी विकायचा तर प्रश्नच नव्हता, कारण घरी व्हीसीआरच नव्हते. म्हणजे मंडळी, कोणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक निर्णय त्या दिवशीच्या हिशोबाने बरोबरच होता. आपण डिस्क भरली की जुने लॉग उडवतो, तसंच. बीबीसीने हे धोरण १९७८ च्या सुमारास बदललं.

आज हातात असलेल्या तीन भागांपैकी दोन तर २००१ मध्ये परत आले. कोणीतरी कचऱ्यातून उचललेली फिल्मची रिळं वर्षानुवर्षं एका शेडमध्ये पडून होती. म्हणजे सगळ्यात भरवशाचा बॅकअप कुठला, तर एका माणसाचा 'असू दे, टाकवत नाही' हा स्वभाव!

हरवलेल्यांत एक भाग वॉकर या काळाबाजारवाल्या पात्राचा आहे. ते काम करणारा जेम्स बेक १९७३ मध्येच, मालिका चालू असताना गेला. खास त्याच्यासाठी लिहिलेला भाग, आणि नेमका तोच नाही. २०१९ मध्ये गोल्ड वाहिनीने तिन्ही हरवलेले भाग नवे नट घेऊन पुन्हा केले. पण संहिता उरते, बेकचं टायमिंग कुठून आणणार?

आणखी एका भागाचा फक्त आवाज सापडला होता. २०१६ मध्ये त्यावर ॲनिमेशन करून तो भाग 'बीबीसी स्टोअर'वर विकायला ठेवला. २०१७ मध्ये ते स्टोअरच बंद झालं! ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेले कार्यक्रम तिथे बघायची सोय गेली.

म्हणून मित्र जेव्हा म्हणतात, "सगळं स्ट्रीमिंगवर आहे रे, ती खोकी काढ आता," तेव्हा मी हसतो आणि धूळ पुसून तबकड्या परत जागेवर ठेवतो. जागा अडते, बायको वैतागते, ते ठीक. पण तेव्हा टेप पुसणाऱ्याकडेही अशीच पटण्यासारखी कारणं होती.