इस्ट्रिऑल : गर्भाची उणीव आईच्या रक्तात

गरोदरपणातील संप्रेरके आई आणि अपरा (बोलीत ‘वार’) यांच्याकडूनच येतात, असा सर्वसाधारण समज आहे. इस्ट्रिऑल त्याला अपवाद ठरते. त्याचा कच्चा माल गर्भ पुरवतो आणि अखेरचा संस्कार अपरा करते. स्वीडनमधील संशोधक इगॉन डिक्झफालुसी यांनी १९६०च्या दशकात ही भागीदारी ‘गर्भ-अपरा एकक’ या नावाने मांडली.

कोलेस्टेरॉलपासून इस्ट्रोजेन घडवण्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे विकर अपरेत जवळपास नसते. ती उणीव गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी भरून काढतात. त्या डीएचईए-सल्फेट तयार करतात, गर्भाचे यकृत त्यात बदल करते आणि अपरा त्यातील सल्फेट वेगळा करून इस्ट्रिऑल बनवते. प्रोजेस्टेरॉन मात्र आईच्या कोलेस्टेरॉलपासून घडते. त्यामुळे गर्भाच्या प्रकृतीविषयी ते फारसे सांगत नाही.

मेंदूची वाढच न झालेल्या गर्भात पियूषिकेचा संदेश मिळत नाही, अधिवृक्क ग्रंथी खुरटतात आणि आईचे इस्ट्रिऑल अगदी खाली येते. हा दोष टाळण्यासाठी गर्भधारणेपूर्वीपासूनच फोलिक आम्ल घ्यावे लागते. बडोद्याचे खंडेराव मार्केट असो वा म्हापशाचा बाजार, तिथली पालेभाजी पोषक खरीच; पण गोळीची जागा ती घेऊ शकत नाही.

अपरेतील सल्फेटेज या विकराचा अभाव असला तरीही इस्ट्रिऑल जवळजवळ नाहीसे होते. हा वारसा प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. प्रसूती लांबू शकते. बाळ मात्र बहुधा सुदृढ असते आणि पुढे त्याच्या त्वचेवर खवले दिसू लागतात. एकच आकडा, पण अर्थ किती वेगळे! ॲरोमॅटेज नसेल तर आणखी निराळे घडते : गर्भाकडून आलेल्या पुरुष संप्रेरकांचे रूपांतर होत नाही, आईच्या चेहऱ्यावर लव वाढते, आवाज घोगरा होतो. प्रसूतीनंतर ही लक्षणे बहुतांशी ओसरतात.

साधारण १५ ते २० आठवड्यांदरम्यान होणाऱ्या ‘क्वाड्रपल’ चाचणीत इस्ट्रिऑल मोजले जाते. ही चाळणी आहे, निदान नव्हे. गर्भाचे वय चुकीचे धरले गेले किंवा आईला स्टिरॉइड औषधे सुरू असली, तरीही आकडा कमी येतो. म्हणून कमी आकडा दिसताच सोनोग्राफीने आठवडे पुन्हा पडताळावेत, चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत आणि त्यानंतरच गरज भासल्यास जनुकीय तपासणीचा विचार करावा.