पर्यायी ईमेल सर्व्हर

संस्थेचा मुख्य ईमेल सर्व्हर बंद असताना बाहेरून येणारे टपाल स्वीकारून रांगेत ठेवणारा आणि मुख्य सर्व्हर सुरू होताच ते त्याच्या हवाली करणारा दुसरा सर्व्हर. तांत्रिक वर्तुळात याला ‘बॅकअप एमएक्स’ म्हणतात. तो टपाल धरून ठेवतो, एवढेच. मधल्या काळात ते कर्मचाऱ्यांना वाचता येत नाही आणि जुन्या पत्रांची प्रतही त्यात नसते. ती सोय वेगळी करावी लागते.

एखाद्या डोमेनचे टपाल कुठे द्यायचे, हे डीएनएसमधील (इंटरनेटवरील नावे-पत्त्यांच्या सूचीतील) एमएक्स नोंदींवरून ठरते. क्रेग पार्ट्रिज यांनी जानेवारी १९८६ मध्ये आरएफसी ९७४ या दस्तऐवजात ही पद्धत मांडली. मुख्य सर्व्हरला १० आणि पर्यायीला २० असे अंक दिले, की पाठवणारा आधी लहान अंकाकडे जातो. तिथे प्रतिसाद मिळाला नाही तर दुसरीकडे. भारतात एर्नेट या शैक्षणिक-संशोधन संगणकजाळ्याच्या आरंभीच्या दिवसांत फोन लावूनच टपालाची देवघेव होई, त्यामुळे पत्र वाटेत थांबणे हा नित्याचाच भाग होता.

पर्यायी सर्व्हर कुठे ठेवावा, यासाठी एक उदाहरण घेऊ. घोटी (ता. इगतपुरी, जि. नाशिक) हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे, भातगिरण्यांचे आणि तांदळाच्या बाजाराचे गाव. पावसाचा जोर मोठा. अशा गावी वीज जाणे किंवा खोदकामात फायबर तुटणे ही नवलाई नव्हे. इथल्या एखाद्या पतसंस्थेने किंवा महाविद्यालयाने मुख्य सर्व्हर कार्यालयात ठेवला असेल, तर पर्यायी सर्व्हर शेजारच्या खोलीत ठेवणे व्यर्थ. दोन्ही एकाच फीडरवर बंद पडतील. तो मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा. त्याला स्थिर आयपी, उलट डीएनएस नोंद आणि खुले पोर्ट २५ लागते; घरगुती ब्रॉडबँडवर हे सहसा मिळत नाही.

लिनक्सवर पोस्टफिक्स हे मेल सॉफ्टवेअर बसवून संस्थेचे डोमेन रिले यादीत घातले, की काम सुरू होते. पण खरी मेख पुढे आहे. स्पॅम पाठवणारे मुद्दाम मोठ्या अंकाचा सर्व्हर गाठतात, कारण तिथला पहारा ढिला असतो. म्हणून वैध पत्त्यांची यादी आणि स्पॅम-गाळणी दोन्हीकडे सारखीच हवी. यादी नसेल तर पर्यायी सर्व्हर वाटेल त्या पत्त्याचे टपाल घेतो, मुख्य सर्व्हर ते नाकारतो आणि परतीच्या सूचना भलत्याच लोकांच्या माथी जातात. शिवाय मुख्य सर्व्हरला पर्यायीचा आयपी विश्वासाचा म्हणून सांगून ठेवावा. नाहीतर एसपीएफ तपासणीत (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, याच्या पडताळणीत) रांगेतली खरी पत्रेही खोटी ठरतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात, यात हा सर्व्हरही आला.

चाचणीसाठी मुख्य सर्व्हरची मेल सेवा थांबवून बाहेरच्या खात्यावरून पत्र पाठवावे. पर्यायीवर ‘मेलक्यू’ आज्ञा दिली की ते रांगेत दिसते. सेवा सुरू केल्यावर रांग रिकामी झाली पाहिजे.

आरएफसी ५३२१ (ऑक्टोबर २००८) नुसार पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्यामुळे काही तासांच्या खंडाने टपाल सहसा हरवत नाही. देखभालीला माणूस नसलेल्या छोट्या संस्थेने हा खटाटोप करू नये. चांगला इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी आणि मेलपेट्यांची गावाबाहेर ठेवलेली प्रत यांवर तोच पैसा खर्चावा.