उत्तीर्णांचे प्रमाण आणि पदवीधरांचे समाधान : विद्यापीठीय गुणवत्तेच्या मोजमापाचा ऐतिहासिक विचार

ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिली तीन विद्यापीठे १८५७ या एकाच वर्षी अस्तित्वात आली. कलकत्ता विद्यापीठाचा कायदा २४ जानेवारीस, मुंबईचा १८ जुलैस व मद्रासचा ५ सप्टेंबरला झाला. १८५४ च्या वुडच्या खलित्यातील धोरणानुसार या तिन्ही संस्था तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारण्यात आल्या. त्यांच्याकडे अध्यापनाचे काम नव्हते. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ही विभागणी होती. साहजिकच विद्यापीठाचा दर्जा जोखण्याचे जवळजवळ एकमेव साधन म्हणजे परीक्षेचा निकाल, ही धारणा आरंभापासूनच रूढ झाली.

या साधनाची मर्यादा पहिल्याच प्रवेशपरीक्षांत दिसून येते. कलकत्त्यास १८५७ साली २४४ उमेदवारांपैकी १६२ उत्तीर्ण झाले. मद्रासमध्ये त्याच वर्षी ४१ पैकी ३६ जणांना यश मिळाले. मुंबईची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत १३२ पैकी केवळ २२ उत्तीर्ण ठरले. म्हणजे मद्रासचा निकाल सुमारे ८८ टक्के, कलकत्त्याचा ६६ टक्के आणि मुंबईचा अवघा १७ टक्के. एवढ्यावरून क्रमवारी लावली तर मुंबई इलाख्यातील शिक्षण सर्वांत निकृष्ट ठरते. परंतु याच आकड्यांचा नेमका उलटा अर्थही तितक्याच सहजतेने लावता येतो : मुंबईची कसोटी सर्वांत कठोर होती. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे आकडे स्वतः सांगू शकत नाहीत. प्रश्नपत्रिका वेगळ्या, परीक्षक वेगळे, आणि परीक्षेस बसणारा विद्यार्थिवर्गही वेगळा. मद्रासचे ४१ उमेदवार पारखून पाठविलेले असणे आणि मुंबईच्या १३२ जणांत नशीब अजमावणारे अनेक असणे सहज शक्य आहे. समान प्रश्नपत्रिकेवाचून केलेली तुलना ही तुलना नव्हेच.

पदवी परीक्षांनी हा गुंता अधिकच वाढविला. प्रवेशपरीक्षेत उदार वाटणाऱ्या कलकत्ता विद्यापीठाच्या १८५८ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत केवळ दोघे पदवीस पात्र ठरले, बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस. आणि तेही कृपागुणांच्या आधाराने. मुंबईत १८६२ साली पहिले चार बी. ए. झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे. सतरा टक्के निकालाच्या विद्यापीठाने पहिल्याच तुकडीत रानडे व भांडारकर दिले, याचे श्रेय विद्यापीठास द्यावे, एल्फिन्स्टनमधील अध्यापकांना द्यावे की त्या व्यक्तींच्या प्रतिभेस? आज ज्याला ‘मूल्यवृद्धी’ म्हटले जाते, तिचा प्रश्न येथे मूळ स्वरूपात उपस्थित होतो.

मात्र परीक्षेला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी मुंबई विद्यापीठाने खासगी विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेस बसू दिल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी अशी अपेक्षा नोंदविली. महाविद्यालयाचा खर्च ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने परीक्षा हे उघडे द्वार होते.

पदवी घेतलेल्याला त्या शिक्षणाचे काय मोल पडले, हा दुसरा प्रश्न. तो महाराष्ट्रात ठळकपणे मांडला तो पहिल्या चौघांपैकीच एकाने. १८९४ साली रानडे यांनी पदवीधरांमधील वाढत्या अकालमृत्यूंच्या कारणांची चर्चा केली आणि हिंदू व पारशी पदवीधरांची तुलना केली. समाधानाची प्रश्नावली त्या काळी नव्हती. रानड्यांनी मृतांची मोजदाद केली. विद्यापीठाच्या यशाचे माप त्याच्या पदवीधरांच्या पुढील आयुष्यात शोधण्याचा हा प्रयत्न होता, आणि नंतरच्या अनेक गुळगुळीत सर्वेक्षणांपेक्षा तो अधिक प्रामाणिक वाटतो.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने संलग्नतेच्या अटी कडक केल्या व महाविद्यालयांच्या तपासणीवर भर दिला. त्याविषयीचा राजकीय वाद, विशेषतः गोखले यांचा विरोध, सुपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो १९१७ ते १९१९ या काळातील कलकत्ता विद्यापीठ आयोग. मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने प्रश्नावली पाठवून विस्तृत साक्षी जमविल्या. त्याचा अहवाल तेरा खंडांचा असून त्यांतील अनेक खंड या उत्तरांनीच व्यापले आहेत. अध्यापनावर परीक्षेने मिळविलेले वर्चस्व हा त्यातील एक मुख्य निष्कर्ष होता.

या आयोगाचे एक सदस्य फिलिप हार्टॉग यांनी १९३५ मध्ये ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह इंग्लंडमधील परीक्षांची चिकित्सा प्रसिद्ध केली. मुळात समान गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १५ परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेण्यात आल्या, तेव्हा त्यांना चाळिसांहून अधिक वेगवेगळे गुणांक मिळाले. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्यांपैकी १४ परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. २१० निर्णयांपैकी ९२ बदलले. एकाच परीक्षकाचे माप जेथे वर्षभर स्थिर राहत नाही, तेथे दोन विद्यापीठांच्या टक्केवारीतील फरकास किती अर्थ उरतो?

स्वातंत्र्योत्तर काळात १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन झाली, तर राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा २०१५ मध्ये जाहीर होऊन पहिली क्रमवारी २०१६ साली आली. या आराखड्यात पदवी परीक्षेतील यशाला स्थान आहे. परंतु परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि जिचे मूल्यमापन व्हावयाचे ती संस्था अनेकदा एकच असते. निकाल उदार केला की आकडा सुधारतो, ही १८५७ चीच अडचण. नॅकने २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. ते सर्वेक्षण शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे होते, पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचे नव्हे. अध्यापकाने वक्तशीरपणे शिकविले की नाही, हे वर्गात बसलेला विद्यार्थी निश्चित सांगू शकतो. त्या शिकविण्याचा पुढे उपयोग झाला की नाही, हे दहा वर्षांनंतरचा पदवीधरच सांगेल, आणि त्याचा पत्ता आपल्या बहुतेक महाविद्यालयांच्या दप्तरात नसतो.