मे महिन्यात कुंडलिकेला पाणी येतं कुठून? कोलाडच्या राफ्टिंग शिबिराला मुलांना पाठवण्याआधी हे वाचा

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांमध्ये गोटे, वाळू आणि मधूनमधून एखादा डोह एवढंच उरतं. रोहा तालुक्यात कोलाडजवळ मात्र कुंडलिका सकाळच्या वेळी चांगली खळाळत असते. म्हणूनच उन्हाळी सुट्टीत मुलांच्या अनेक साहस शिबिरांचा मुक्काम कोलाडला पडतो. पेण, रोह्याच्या मुलांसाठी तर हे घराजवळचंच ठिकाण. पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्यावरून सरळ कोलाड, आणि रेल्वेने यायचं तर कोलाड हे रोह्यानंतरचं कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन.

पण ऐन उन्हाळ्यात या एका नदीला पाणी कसं?

हे पाणी मुळात कोकणातलं नाहीच. ते पडतं पुणे जिल्ह्यात, मुळशीच्या तलावात. नैसर्गिक उतारानं ते मुळा, भीमा, कृष्णा असं पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते पश्चिमेला वळवलं. घाटमाथ्यावरून बोगदा आणि मोठ्या नळांमधून सुमारे ५०० मीटर खाली, पायथ्याच्या भिरा वीजनिर्मिती केंद्रात हे पाणी पडतं. हे केंद्र १९२७ साली सुरू झालं. या धरणात जमिनी जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, तोच मुळशी सत्याग्रह.

भिऱ्याला वीज तयार झाली की पाणी पुढे सोडलं जातं. त्याच पाण्यावर खाली राज्य सरकारचाही एक वीज प्रकल्प चालतो, मग ते कालव्यांना, धाटावच्या औद्योगिक वसाहतीला, गावांच्या पाणी योजनांना जातं. राफ्टिंग या साखळीतला सगळ्यात शेवटचा गिऱ्हाईक म्हणायला हरकत नाही. राफ्टवाल्यांसाठी कोणी पाणी सोडत नाही, सोडलेल्या पाण्यावर ते आपला धंदा बसवतात.

याचा थेट परिणाम वेळापत्रकावर होतो. पाणी साधारण सकाळी येतं, त्यामुळे राफ्टिंगही सकाळीच. साजे गावाजवळून सुरुवात होते आणि कामत गावाजवळ शेवट, अंतर १२ ते १४ किलोमीटर. विजेची मागणी किंवा दुरुस्तीचं काम यामुळे वेळ पुढे-मागे होऊ शकते. 'दुपारी तीनला नक्की राफ्टिंग' असं पत्रकात छापलेलं दिसलं, तर आयोजकांना फोन करून एकदा विचारा. आणखी एक महत्त्वाचं. सकाळी गुडघाभर असलेलं पात्र पाणी सोडल्यावर थोड्या वेळात भरतं. शिबिरातली मुलं 'जरा पाय भिजवायला' म्हणून परस्पर नदीत उतरतात, तेव्हा धोका राफ्टमध्ये बसल्यापेक्षा जास्त असतो.

राफ्टमध्ये बसण्याआधी मुलांना काय शिकवलं पाहिजे?

लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालणं हे झालंच. जॅकेट योग्य मापाचं आहे का, हे तपासायची सोपी रीत म्हणजे खांद्याजवळचे पट्टे धरून वर ओढणं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घट्ट बांधून चालत नाही.

दुसरी गोष्ट, पाण्यात पडलं तर काय करायचं. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, बोटं पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह अंगावरून पुढे ढकलतो. पोहता येणाऱ्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्यांचा पहिला विचार उभं राहण्याचाच असतो. तलावात शिकलेलं पोहणं इथे अर्धंच कामाला येतं. चांगल्या शिबिरांत पहिल्या दिवशी संथ पाण्यात वल्ही मारणं, राफ्टमधून पडून परत चढणं आणि फेकलेला दोर धरणं याचा सराव घेतात. हा सराव नसेल तर ती सहल आहे, प्रशिक्षण नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना या टप्प्यावर सहसा घेत नाहीत. घेत असतील तर का घेतात, हे विचारा.

उन्हाचं काय?

मला विचाराल तर इथे पाण्यापेक्षा उन्हाची भीती जास्त आहे. याच भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं होतं. समुद्र फार लांब नाही, पण गाव घाटाच्या पायथ्याशी खोलगट भागात आहे. किनारपट्टीसाठी हवामान विभाग ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तोही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, म्हणून इथला आकडा विदर्भातल्या आकड्याशी ताडून उपयोग नाही.

उन्हात कष्ट करायची सवय शरीराला साधारण एक ते दोन आठवड्यांत लागते. शिबिर असतं तीन-चार दिवसांचं. थंड प्रदेशांतले स्कीइंगचे क्लब उन्हाळा हाच तयारीचा मोसम मानतात, चाकांच्या स्कीवर रस्त्यांवरून सराव करतात. आपल्याकडे सुट्टी नेमकी सर्वांत वाईट महिन्यात येते. त्यामुळे राफ्टिंगनंतर दुपारी मुलांना सावलीतच ठेवायला हवं. रोह्याजवळच्या अवचितगडाची चढाई कार्यक्रमात असेल, तर पहाटे निघून दहाच्या आत खाली. मूल अडखळत बोलू लागलं, गोंधळलं किंवा अंग तापून भान हरपू लागलं, तर तो उष्माघात समजायचा. अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. बेशुद्ध मुलाला पाणी पाजायचं नाही.

आयोजक नोंदणीकृत आहे का?

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. शिबिर भरवणारी संस्था आणि प्रत्यक्ष राफ्ट चालवणारी संस्था बऱ्याचदा वेगवेगळ्या असतात. नोंदणी दोघांचीही विचारा.

मुळशीचं पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात सोडावं अशी मागणी अनेक वर्षांपासून होते आहे. दुष्काळी वर्षात तिला जोर येतो. सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ती समजण्यासारखी आहे. तसं झालं तर कोलाडचं उन्हाळी राफ्टिंग बंद पडेल, हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. कुंडलिकेच्या कालव्यांवरची शेती आणि रोह्याचे कारखाने याच पाण्यावर आहेत.