सेंट लुईसची बंद दारे

१९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ अमेरिकेतील सेंट लुईस नगरात फैलावू लागताच आरोग्य आयुक्त डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ यांनी ७ तारखेस नाट्यगृहे, शाळा व चर्च बंद करण्याचा आदेश काढला. व्यापारी संतापले, भाविकांना रविवारची मिस्साही अंतरली. नोव्हेंबरात बंदी उठताच रुग्ण वाढले आणि निर्बंध पुन्हा आले. फिलाडेल्फियात मात्र २८ सप्टेंबर रोजी युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक निघाली होती. लोकसंख्येच्या मानाने तेथील मृत्यू सेंट लुईसच्या सुमारे दुप्पट ठरले.

लोकांचा राग खोटा नव्हता. हातावर पोट असणाऱ्याला बंद दार म्हणजे उपासच. परंतु बुडालेला धंदा डोळ्यांना दिसतो, वाचलेला जीव दिसत नाही. म्हणूनच अशा अधिकाऱ्याच्या वाट्याला आधी शिव्याशाप येतात. कृतज्ञता फार उशिरा येते.