माळ, तांबी आणि महिन्याचा हिशेब

१९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम स्वीकारला आणि असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला, हे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचत आलो आहोत. त्या कार्यक्रमाचे पहिले साधन काय होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते साधन होते मण्यांची माळ. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधींच्या निकटच्या अनुयायी. संयमाशी नाते सांगणारी पद्धतच काय ती त्यांना मान्य होण्याजोगी होती. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे आलेले अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन यांच्या देखरेखीखाली 'सुरक्षित काळा'च्या पद्धतीचे प्रयोग दिल्लीतील लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे झाले. बाईला अठ्ठावीस मण्यांची माळ द्यायची. नारिंगी मणी पाळीचे, हिरवे निर्धोक दिवसांचे, तांबडे जोखमीचे. रोज एक मणी सरकवायचा.

प्रयोग फसला. खेड्यातल्या बायकांना माळ कळली नाही, कुणी मणी एकदम पुढे ढकलले, अशा गोष्टी नंतर विनोद म्हणून सांगितल्या गेल्या. मला तो विनोद कधी पटला नाही. जपानमध्ये ओगिनो (१९२४) आणि ऑस्ट्रियात क्नाउस (१९२८) यांनी जे शोधून काढले होते, ते असे की बीजमोचन येणाऱ्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी होते. म्हणजे मोजायचे मागे, आणि तेही अजून न आलेल्या दिवसापासून! जिची पाळी घड्याळासारखी येते तिलाच हा हिशेब साधणार. अंगावर मूल पिणारी, रक्त कमी असलेली, लागोपाठच्या बाळंतपणांनी थकलेली बाई अठ्ठावीस मण्यांत बसणार कशी? चूक माळ ओढणाऱ्या बोटांची नव्हती.

आपल्या भाषेने या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे. 'पाळी' म्हणजे क्रमाने येणारी गोष्ट. 'महिना' तर सरळ पंचांगातलाच. 'कावळा शिवला', 'बाजूला बसली', 'अडचण आली' हे शब्द त्या चार दिवसांची सामाजिक व्यवस्था सांगतात. पण क्रम मोडून जे होते त्यालाही मराठीत शब्द आहे : 'अंगावरून जाणे'. पाळी 'येते', हे 'जाते'. या एका क्रियापदात बाईची भीती आहे, अशक्तपणा आहे आणि वैद्याकडे जायला हवे ही जाणीवही आहे. कुटुंबनियोजनाचा इतिहास वाचताना मला सतत वाटत आले आहे की तो या क्रियापदाच्या बाजूने कुणी लिहिलेलाच नाही.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यांच्या काळातील साधने, टोप्या नि रबरी पिशव्या, गर्भधारणा अडवत. पाळीला हात लावत नसत. पाळीतला बदल हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९६५ नंतर, लूप आल्यावर. बफेलोच्या जॅक लिपिस यांनी घडवलेली ही प्लॅस्टिकची वेटोळी पहिल्या दोन वर्षांत पंधरा लाखांहून अधिक भारतीय स्त्रियांना बसवण्यात आली. शिबिरे झाली, उद्दिष्टे ठरली, बसवणाऱ्याला आणि बसवून घेणारीला पैसे मिळाले. मग आकडे घसरले. रक्तस्राव, कंबरदुखी, ओटीपोटातली कळ यांनी बायका हैराण झाल्या आणि त्या लूप काढून घेऊ लागल्या. लूप वर चढून काळजापर्यंत जाते अशी आवई उठली होती हे खरे. पण कार्यक्रम चालवणाऱ्यांनी आवई आणि तक्रार एकाच गाठोड्यात बांधली. घालण्याची शिबिरे होती, नंतर पाहणारे कुणी नव्हते.

लूपनंतर तांब्याची तार गुंडाळलेले 'टी' आकाराचे साधन आले. लोकांनी त्याला लगेच 'तांबी' म्हटले. सरकारी परिभाषेला असा शब्द सुचला नसता. तांबी बीजमोचन थांबवत नाही, म्हणून महिना सहसा तोच राहतो. पण दिवस वाढतात, रक्त वाढते. बहुतेकींचे तीन ते सहा महिन्यांत कमी होते. हे 'तीन ते सहा महिने' आधी सांगणे आणि न सांगणे यांत केवढे अंतर आहे ते मी आमच्या घरात पाहिले. माझी एक आत्या दुसऱ्या मुलानंतर काही वर्षे गोळ्या घेत होती, नंतर तिने तांबी बसवली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ती पेन्सिलीने बारीक फुल्या करी. गोळ्यांच्या काळात त्या तीन असत. तांबीनंतर आठ-नऊ झाल्या. घर सोवळ्याचे. चार दिवस बाजूला बसणे चालून जाई, नवव्या दिवशी मात्र सासूने विचारलेच. आत्याने काय उत्तर दिले ते मला माहीत नाही.

तिला कुणी सांगितले नव्हते ते असे : तिची मोजणी मुळातच दोन वेगळ्या वस्तूंची होती. गोळ्यांवर येते ती पाळी नव्हेच. गोळीतील संप्रेरके बीजमोचन थांबवतात आणि अस्तर पातळ ठेवतात. गोळ्या थांबल्या की ते पातळ अस्तर गळते, एवढेच. आणि हा खंड ठेवला माणसांनी. १९५०च्या दशकात बोस्टनच्या जॉन रॉक यांनी मूल न होणाऱ्या स्त्रियांना अखंड संप्रेरके दिली, तेव्हा त्यांची पाळी थांबली आणि आपल्याला दिवस गेले असे त्यांना वाटले. ती निराशा टाळण्यासाठी, ग्रेगरी पिंकस यांच्या सूचनेनुसार, मध्ये काही दिवस औषध बंद ठेवून रक्तस्राव घडवून आणण्यात आला. रॉक श्रद्धावान कॅथलिक; निसर्गाच्या चक्रासारखे दिसणारे हे औषध पोप मान्य करतील अशी त्यांना आशा होती. १९६८ मध्ये पोपने नकार दिला. महिना मात्र पाकिटात तसाच राहिला. सात दिवसांच्या या खंडाने आरोग्याला काही लाभ होत नाही, असे ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्थेच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले गेले ते २०१९ मध्ये.

म्हणजे गोळ्या सोडून तांबी बसवणारी बाई हलक्या, घडवलेल्या रक्तस्रावातून एकदम स्वतःच्या पाळीत येते, आणि त्यावर तांब्याची भर. 'तांबीने माझे बिघडवले' हे तिचे वाक्य अर्धे खरे असते. उरलेले अर्धे तिला सांगणे हे कुणाचे तरी काम होते.

इंजेक्शनची गोष्ट उलट. त्याने आधी स्राव अनियमित होतो, पुढे अनेकींची पाळी थांबते. वर्षभरात जवळजवळ निम्म्या स्त्रियांची. सोडल्यावर गर्भधारणेची क्षमता परतायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात. हैदराबादजवळ पटनचेरू येथे अशाच एका इंजेक्शनच्या चाचणीसाठी आणलेल्या स्त्रियांना ही चाचणी आहे हेच सांगितले नव्हते; त्यावरून १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिमाही इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात 'अंतरा' या नावाने यायला २०१७ उजाडले. जिथे पाळी चुकली म्हणजे 'दिवस राहिले' असाच अर्थ होतो, तिथे न येणारी पाळीही येणाऱ्या पाळीइतकीच घाबरवते.

सरकारी गोळ्यांची नावे 'माला-डी' आणि 'माला-एन'. नाव देणाऱ्याला लोदी कॉलनीतली माळ आठवली असेल असे समजायला आधार नाही. पाकिटात गोळ्या मात्र अठ्ठावीसच : एकवीस संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या. रक्त जाते हे त्या सात गोळ्यांपुरते तरी कुणीतरी लिहून ठेवले आहे.

आत्याने वर्षभराने तांबी काढून घेतली. पुढच्या वर्षीच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब आहे, गॅसच्या टाकीची तारीख आहे, फुल्या नाहीत.