भार कोण वाहतो? जुन्या जीपच्या मागच्या आसाची गोष्ट

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने हब आणि ब्रेकवर काय बोलायचं, असं विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं. तर सुरुवात आपल्याच दुकानातल्या मालापासून करू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा दर वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की रथ हे जुळणीला दिलेलं नाव आहे. इथवर मला मान्य. पण जुनी जीप जॅकवर चढवून मागचं चाक काढून बसलेल्या फिटरला यातली जीप कोणती हा प्रश्न पडत नाही. त्याला पडतो तो असा: यातला भार कुणावर आहे? माझ्या मते हा प्रश्न नागसेनाच्या प्रश्नापेक्षा लहान नाही, आणि त्याला चांगला मोठा इतिहास आहे.

बैलगाडीपासून बघा. आपल्या गाडीचा आस फिरत नाही. तो गाडीखाली स्थिर असतो, वजन झेलतो, आणि चाकाचा तुंबा त्याच्यावर फिरतो. तुंबा निसटू नये म्हणून टोकाला खीळ. कैकेयीने दशरथाच्या रथाला खिळीच्या जागी बोट लावल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. वाल्मीकींत ती तशी नाही, लोकांनी रचलेली आहे. पण रचणाऱ्याला गाडी ठाऊक होती हे नक्की! कारण खीळ वजन वाहत नाही, ती फक्त चाक जागेवर ठेवते.

रेल्वेने ही रचना उलटी केली. तिथे चाकं आसावर घट्ट दाबून बसवलेली, म्हणजे आस चाकांबरोबर फिरतो आणि वजनही तोच घेतो. दिसायला फरक क्षुल्लक आहे. पण वजनाखाली वाकलेला दांडा फिरायला लागला, की त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. तार हाताने इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते ना, तसंच. फक्त लाखो वेळा आणि अगदी थोडं थोडं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. दक्षिण ध्रुवाकडचे समुद्र पालथे घालून आलेला द्युमाँ द्युर्व्हील हा दर्यावर्दी बायकोमुलासकट त्यात होता. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये रँकिनने तुटलेल्या आसांवर निबंध लिहिला आणि पुढे प्रशियात ऑगस्ट व्होलरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून तोडले. त्यातून कळलं ते असं, की एका झटक्यात जेवढा भार दांडा सहज सोसतो, त्याहून कितीतरी कमी भाराने तो पुन्हापुन्हा वाकवला तर तुटतो. आणि तुटायला सुरुवात होते ती कुठे? जिथे आकार एकदम बदलतो तिथे, म्हणजे खाच, आटे किंवा पायरी असेल त्या जागी. ही जागा लक्षात ठेवा, आपण परत तिथे येणार आहोत.

आता जीप. अमेरिकन सैन्याच्या कागदोपत्री ती ‘पाव टनी ट्रक’ होती, म्हणून आज तिला ट्रकच म्हणू. १९४० च्या जुलैमध्ये सैन्याने कारखानदारांना बोलावलं आणि नमुना ४९ दिवसांत मागितला. बँटम या छोट्या कंपनीने तो २३ सप्टेंबरला मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या तळावर नेऊन उभा केला. वजनाची पहिली अट १३०० पौंडांची, म्हणजे जवळजवळ अशक्यच. पुढे ती २१६० पर्यंत सैल झाली. तरीही विलिसच्या इंजिनिअरांनी वजन कमी करायला रंगाचे थरसुद्धा मोजले, असं सांगतात.

एवढी काटकसर करूनही विलिसच्या एमबी मॉडेलला मागे ‘फुल फ्लोटिंग’ आस होता. म्हणजे काय, तर बैलगाडीच! आसाचं पोकळ हाऊसिंग स्थिर, त्याच्या टोकावर दोन टेपर बेअरिंग, त्यांच्यावर हब फिरतो. आतला शाफ्ट फक्त पीळ पोचवतो, वजनाशी त्याचा संबंध नाही. शाफ्ट तुटला तर बोल्ट काढून तो ओढून घ्या, गाडी चाकांवर उभीच राहते आणि ओढून नेता येते. लढाईत हे मोलाचं.

युद्ध संपलं. १९४५ मध्ये शेतकऱ्यासाठी सीजे-२ए आली. सुरुवातीच्या गाड्यांना तोच आस होता, पण थोड्याच काळात ‘सेमी फ्लोटिंग’ आला. बेअरिंग कमी, सुटे भाग कमी, किंमत कमी. मात्र आता शाफ्ट पीळही देतो आणि वजनही घेतो. त्याचं टोक शंकूसारखं निमुळतं, त्यावर हब दाबून बसवलेला, मध्ये एक चावी आणि बाहेरून नट. म्हणजे रेल्वेचा आस परत आला, आणि शिवाय त्याला चावीची खाच! मुंबईत महिंद्रांनी विलिसच्या गाड्या जुळवायला सुरुवात केली ती याच बदलाच्या सुमारास, आणि पुढे इथे अनेक दशकं चाललेली सीजे-३बी त्याच कुळातली. त्यामुळे सह्याद्रीत अजून धावणाऱ्या जुन्या जिपा उघडल्या, की शांतताकाळातली ही काटकसर हाताला लागते.

कामाचं बोलू. हा हब हातोड्याने निघत नाही. शाफ्टच्या टोकावर घाव घालणारे आहेत, पण ते घाव थेट आतल्या बेअरिंगला आणि डिफरन्शियलमधल्या ठोकळ्याला जातात. चांगला पुलर लावायचा, ताण द्यायचा आणि वाट बघायची. निघाला की शंकू स्वच्छ करून मोठ्या टोकाशी, जिथे चावीची खाच संपते, तिथे तडा शोधायचा. लाल द्रव लावून पुसायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर लाल रेघ उमटते. उमटली तर शाफ्ट भंगारात. ‘अजून एक वर्ष चालेल’ ही भाषा व्होलरनंतर कुणी करू नये, कारण इथे शाफ्ट गेला की हब आणि ड्रमसकट चाक गाडीला सोडून जातं.

ब्रेक त्याच ड्रममध्ये आहेत. हायड्रॉलिक ब्रेक अमेरिकेत माल्कम लॉकहीडने आणले, क्रायस्लरने १९२४ मध्ये ते सामान्य गाडीत घातले, फोर्डने मात्र १९३९ पर्यंत वाट बघितली. तत्त्व पास्कलचं, बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखा. हा समभाव ऐकायला छान आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की जुन्या जीपमध्ये एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग. मागच्या एका चाकाचा रबरी कप फुटला तर चारही चाकांचा दाब जातो. मग हँडब्रेक? तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे, प्रोपेलर शाफ्टवर आहे. त्याची पकड चाकापर्यंत जाते ती त्याच शाफ्टमधून आणि त्याच चावीतून. चावी कातरली गेली, की हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडी उताराला निघते. काहीजण ‘मूळची गाडी’ म्हणून एकमार्गी सिलिंडर जपतात. प्रदर्शनात उभी करायची असेल तर जरूर जपा. घाटात माणसं बसवून न्यायची असेल तर दुमार्गी घाला. तिथे मला मूळपणाचं कौतुक नाही.

जुने लायनर काढताना हवेच्या नळीने धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. धूळ ओल्या फडक्याने पुसा. लायनरवर ग्रीस आलेलं दिसलं तर नुसते शू बदलून उपयोग नाही, आधी गळकं सील बदला. ड्रम लेथवर घासून घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंचे सारखे, नाहीतर गाडी ब्रेक मारताच एका अंगाला खेचते. मग ब्रेकप्लेटमागच्या पातळ चकत्या, शिम, कमीजास्त करून शाफ्टचा आडवा खेळ इंचाच्या काही हजारांश भागाइतका ठेवायचा. दोन्ही शाफ्ट मध्यभागी एकाच ठोकळ्याला टेकतात, म्हणून शिम दोन्हीकडे जवळपास सारखे वाटून घ्यायचे.

हब चढवताना शंकू कोरडा हवा, चावी नवी हवी. नट पूर्ण ताकदीने आवळायचा, आणि पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढे न्यायचा, मागे सैल करायचा नाही. डाव्या बाजूचे चाकाचे नट बहुतेक जुन्या जिपांत उलट्या आट्यांचे असतात. ते न बघता जोर लावला की स्टड मोडतो. पन्नासेक किलोमीटर गाडी चालवा, परत जॅक लावा आणि हबचा नट पुन्हा बघा. तो थोडा फिरतोच. मग नवी पिन घाला.